एका रंगाचा वाढदिवस

ठाण्याहून वाशीकडे जाणारी आगगाडी ऐरोली सोडून घणसोलीकडे निघाली कीं मध्यें रबाळें लागतें. या मार्गावरून गाड्या धांवूं लागल्या त्या २००४ सालीं. कारखान्यांची वसाहत, जुनें गांव, त्याला लागून वाढलेल्या चाळी व इमारती आणि पश्चिमेस ठाण्याची खाडी, असा हा परिसर आहे. दोन खोल्यांत संसार करणारीं कुटुंबें येथें पुष्कळ. अशा घरांतूनही हल्लीं एक नवी हौस शिरली आहे. मूल तीन-चार वर्षांचें झालें कीं त्याचा वाढदिवस एकाच रंगांत करावयाचा. पताका पिवळ्या, ताटल्या पिवळ्या, खाऊ पिवळा. आणि आदल्या संध्याकाळीं शेजाऱ्यापाजाऱ्यांस निरोप, कीं येतांना मुलास पिवळाच पोशाख घालावा.

वडीलधाऱ्यांस हें साहेबी खूळ वाटतें. परंतु एका रंगांत नटविलेला लहान मुलाचा समारंभ मराठी घरास नवा नाहीं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत होणारें बोरन्हाण हें दुसरें काय आहे? पांच वर्षांच्या आंतील मुलास काळें झबलें शिवावयाचें, त्यावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने घालावयाचे, पाटावर बसवून ओंवाळावयाचें आणि बोरें, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे व उसाचे करवे डोक्यावरून ओतावयाचे. इतर शुभकार्यांत काळा रंग वर्ज्य मानणारें घर या एका सणापुरता तो आवडीनें जवळ करतें. थंडीच्या दिवसांत काळें वस्त्र उन्हाची ऊब अधिक शोषून घेतें. काळ्यावर पांढरें इतकें उठून दिसतें, कीं पाहणाऱ्या पोरांचे डोळे त्या दागिन्यांवरच खिळून राहतात.

तथापि जुन्या रीतीची खरी खुबी निराळीच आहे. काळें झबलें असतें तें फक्त उत्सवमूर्तीच्या अंगावर. वेंचावयास जमलेलीं शेजारचीं मुलें लाल, निळीं, विटकीं, थोरल्या भावाचीं उतरलेलीं, मिळतील तीं वस्त्रें घालून येतात, आणि त्यांस कोणी अडवीत नाहीं. नव्या रीतींत नेमकें हेंच उलटें झालें आहे. जेथें कारखान्यांतील रोजंदारीवर घर चालतें, तेथें एका संध्याकाळीपुरता पिवळा सदरा कोठून आणावयाचा? ज्या आईस तो आणतां येत नाहीं, ती मुलास ताप आला असें सांगून घरीं ठेवते. चार वर्षांच्या मुलास कारण कळत नाहीं. भिंतीपलीकडचीं गाणीं मात्र ऐकूं येतात. म्हणून रंग यजमानाच्या घरास असावा, पाहुण्याच्या अंगास नसावा. फारच हौस असेल तर दारांतच प्रत्येक मुलाच्या मनगटास कागदाची एक पिवळी फीत बांधावी. ती सर्वांस सारखीच शोभते.

एवढें संभाळलें म्हणजे या खेळापासून मुलाचा लाभ मोठा आहे. रंग दिसणें निराळें आणि रंगाचें नांव घेतां येणें निराळें. माँटेसरीबाईंच्या पद्धतींत रंगाची पहिली पेटी असते तींत तांबड्या, पिवळ्या व निळ्या पट्ट्यांच्या तीनच जोड्या. भेद अगोदर डोळ्यास पटवावयाचा, नांव मागून. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें बालवाडीचें काम मांडलें, तेव्हां महागड्या साधनांच्या ऐवजीं भोंवतालचीं पानें, फुलें, शिंपले हींच साधनें केलीं. बोर्डी त्या वेळीं ठाणें जिल्ह्यांतच होती. रबाळ्याच्या दोन खोल्यांत तोच मार्ग चालतो.

शिवाय मराठी मुलाची एक अडचण पुस्तकांतून फारशी सांपडत नाहीं. चेंडू पिवळा, वाटी पिवळी, फूल पिवळें: रंग एकच, रूपें तीन. लाल किंवा गुलाबी मात्र कोठेंही तसेच राहतात. म्हणून एका रंगाच्या संध्याकाळीं “पिवळें कांहीं तरी आण” एवढ्यावर न थांबतां, मुलानें आणलेली वस्तु हातांत घेऊन “लिंबू पिवळें आहे, हळद पिवळी आहे, झेंडू पिवळा आहे” असें म्हणावें. आधीं वस्तु, मग रंग, या क्रमानें नांवें लवकर बसतात असा अलीकडच्या अभ्यासकांचाही अनुभव आहे.

रंग कोणता निवडावा? दसऱ्याच्या सुमारास पिवळा, श्रावणांत पारसिकच्या डोंगराकडे पाहून हिरवा. हिंवाळ्यांत जन्मलेल्या मुलास मात्र या परिसरानें गुलाबी रंग जणूं आंदणच दिला आहे. थंडी पडली कीं ठाण्याच्या खाडींत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. खाडीचा कांहीं भाग २०१५ सालीं त्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला. या पक्ष्याचें पिलूं करड्या रंगाचें असतें. शेवाळांतील रंगद्रव्य पोटांत जाऊन पुढें त्याचे पंख गुलाबी होतात. ही गोष्ट सांगितली कीं बीट न खाणारें मूलही तें एकदां चाखून पाहतें.

खाऊचा रंग स्वयंपाकघरांतलाच असावा. बीटाचा रस फार वेळ उकळला तर फिका पडतो. खोबऱ्याच्या वड्यांत तो शेवटीं घालावा. बाजारांतील भडक गुलाबी साखरेच्या कापसापासून दूर राहावें. कापड रंगविण्याचें र्‍होडामीन त्यांत आढळल्यावरून तामिळनाडू व पुदुच्चेरी येथें २०२४ च्या फेब्रुवारींत त्याच्या विक्रीस बंदी झाली. निळा रंग हवा असेल तर गोकर्णाचीं फुलें गरम पाण्यांत भिजवावीं, आणि पाणी निवल्यावर मुलांच्या देखत लिंबू पिळावें. निळें पाणी पाहतां पाहतां जांभळें होतें. त्यापुढें कोणत्याही जादुगाराची गरज नाहीं. हळदीचा डाग साबण लागतांच तांबडा होतो, हेंही पोरांस दाखविण्यासारखें आहे.

फुगे थोडे असावेत व फुटल्याबरोबर तुकडे उचलावेत. तोंडांत गेलेला तुकडा श्वास कोंडूं शकतो. दीड तासापेक्षां अधिक वेळ या वयाचीं मुलें आनंदांत राहत नाहींत.

खेळांत एखादा मुलगा हिरव्याऐवजीं वारंवार तपकिरी किंवा तांबडी वस्तु आणूं लागला तर कोणी हंसूं नये. लाल-हिरव्याचा भेद न कळणें हा बहुधा जन्मजात दोष असतो. मुलींपेक्षां मुलग्यांत तो पुष्कळ अधिक आढळतो. अशा वेळीं खेळ चटकन बदलून आकार ओळखण्याचा करावा, आणि समारंभ संपल्यावर त्याच्या आईस बाजूला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकदां दाखविण्यास सांगावें.