बंदी उठली, दरारा परतेल का?

सोमवारी, १६ डिसेंबर २०२४ ला, 'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाच्या मॉडर्न प्रकारातली बंदीची यादी बदलली आणि जानेवारी २०१६ पासून बाहेर बसवलेला 'स्प्लिंटर ट्विन' हा पत्ता पुन्हा खेळात आला. 'मॉक्स ओपल'ही सुटला, 'द वन रिंग'वर बंदी आली. पण चर्चा ट्विनचीच. आता जुना डेक तसाच उचलून टेबलावर बसणारे कमी नसतील. ते सपाटून मार खातील, असं मला वाटतं.

डाव नेमका काय होता? माना पुरवणाऱ्या तीन लँड झाल्या की प्रतिस्पर्ध्याची पाळी संपता संपता 'डिसीव्हर एक्झार्क' उतरवायचा आणि समोरच्याची एक लँड टॅप करून, म्हणजे वापरता येणार नाही अशी, ठेवायची. आपल्या पाळीत चार मानाचा ट्विन एक्झार्कवर चढवायचा. आता एक्झार्क टॅप केला की त्याची नक्कल निघते, नक्कल आल्या आल्या मूळ एक्झार्कला अनटॅप करते, तो आणखी एक काढतो. हजार म्हणा, लाख म्हणा. सगळ्या त्याच पाळीत तुटून पडतात. सामुएले एस्त्रात्तीने २०११ ची फिलाडेल्फिया प्रो टूर आणि आंतोनियो देल मोराल लेऑनने २०१५ ची वॉशिंग्टनची प्रो टूर ट्विननेच जिंकली.

पण ६० पत्त्यांत ४ ट्विन आणि एक्झार्कसारखे ८ जोडीदार ठेवले, तरी पहिल्या सात पत्त्यांत दोन्ही येण्याची शक्यता जेमतेम २४ टक्के. ट्विन जिंकायचा तो धाकावर. समोरचा चौथ्या पाळीपासून माना राखून बसायचा, स्वतःचा खेळ मंदावायचा, आणि आपण काउंटरस्पेल, 'लाइटनिंग बोल्ट' वापरत त्याला हळूहळू पोखरायचो. समोरच्याच्या बोल्टचे घाव तीन, एक्झार्कची टफनेस म्हणजे सहनशक्ती चार. तेवढ्या एका आकड्यावर केवढं राज्य चाललं!

आज हा धाक चालत नाही, कारण माना राखावीच लागत नाही. समोरच्याच्या सगळ्या लँड टॅप असल्या, तरी हातातला एक पांढरा पत्ता फेकून 'सॉलिट्यूड' फुकट उतरतो आणि ट्विन चढत असतानाच एक्झार्क गायब. त्याचेही दोन पत्ते गेले, पण आपली चार माना आणि अख्खी पाळी पाण्यात. 'फोर्स ऑफ निगेशन' तर दुसऱ्याच्या पाळीतच फुकट पडतो, म्हणजे ट्विन अडवायला उपयोगी आणि ट्विन वाचवायला बिनकामाचा.

मग डेक कसा बांधायचा? पांढरा रंग घेऊन 'तेफेरी, टाइम रॅव्हलर' आणला, तर ट्विनवाल्याच्या पाळीत समोरचा काहीच खेळू शकत नाही. पण तेफेरी तीन मानाचा, एक्झार्कही तीनचा. तिसऱ्या पाळीला तेफेरी आला की एक्झार्क-ट्विनचा कॉम्बो एका पाळीने लांबतो. मला तरीही हाच सौदा पटतो. ट्विन तीनच ठेवावेत; दुसरा हातात आला की तो बहुधा ओझंच होतो. मोकळ्या जागी कॉम्बोशिवायही डाव जिंकून देणारं काहीतरी हवं, 'फेबल ऑफ द मिरर-ब्रेकर'सारखं. दुसऱ्या गेमला साइडबोर्डमधून पत्ते घेताना ट्विन सगळे काढूनही टाकावेत. समोरच्याला ते कळायला वाव नसतो, आणि तो 'सॉलिट्यूड' हातात धरून बसतो.