शेवाळाचें तेल आणि पाण्याचा हिशेब

संग्रामपूरकडील माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें परवां विचारलें, "गुरुजी, विहिरीचें पाणी खारें आहे. शेतांत हौद बांधून तेलाचें शेवाळ पिकवूं कां?" त्याला जें सांगितलें, तेंच आज आपणांपुढें मांडतों.

लोणारच्या सरोवराचें हिरवेपण आपण पाहिलें असेल. तें सूक्ष्म शेवाळाचें. खाऱ्या, क्षारयुक्त पाण्यांत इतर वनस्पती तग धरीत नाहींत, तेथें तें माजतें. शेवाळाच्या कांहीं जाती पेशींत तेल सांठवितात आणि त्या तेलाचें डीझेल होऊं शकतें. २०१७ सालीं अमेरिकेंतील एक्सॉनमोबिल व सिंथेटिक जेनॉमिक्स या कंपन्यांनीं अशा एका जातीच्या जनुकांत फेरफार करून तेलाचा अंश शेंकडा २० वरून ४० च्या वर नेल्याचें जाहीर केलें. विद्यार्थ्याच्या कानीं हीच वार्ता आली होती.

आतां हिशेब करूं. एक किलो वाळलेल्या शेवाळांत ४०० ग्रॅम तेल, म्हणजे अर्ध्या लिटरहून कमीच. लिटरला ९० रुपये भाव धरला, तर हातीं येतात सुमारें ४० रुपये. तेवढ्यांत शेवाळ वाढविणें, गाळणें, वाळविणें व तेल काढणें सारें भागलें पाहिजे! आणि उघड्या हौदाच्या एका लिटरांत शेवाळ मिळतें अर्धा ते एक ग्रॅम. किलोभरासाठीं हजार-दोन हजार लिटर पाणी गाळावें लागतें. जनुक बदलल्यानें पेशींतील तेल वाढतें, गाळावयाचें पाणी तेवढेंच राहतें. २००२ पासून आलेल्या बीटी कपाशीनें बोंडअळी कांहीं काळ आवरली. पाऊस कांहीं आणला नाहीं.

खारपाणपट्ट्यांतील निरुपयोगी पाणी या कामीं यावें, असें मलाही फार वाटतें. परंतु आपल्या उन्हाळ्यांत हौद आटतो, मीठ मागें राहतें, आणि खारेपणा आटोक्यांत ठेवण्यास गोडें पाणीच ओतावें लागतें. शिवाय वाऱ्याबरोबर रानटी शेवाळ व शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव हौदांत शिरतात, तें निराळेंच.

स्पिरुलिना नांवाचें शेवाळ मात्र पौष्टिक चूर्ण म्हणून किलोला शेंकड्यांनीं रुपये मिळवितें. गिऱ्हाईक आधीं ठरवून त्याचा लहानसा हौद करून पाहा, तेलाच्या नादीं लागून कर्ज काढूं नको, असें मीं त्याला सांगितलें. एक्सॉनमोबिलनेंही २०२३ सालीं शेवाळाच्या तेलांतून अंग काढून घेतलें आहे.