एका बीएलओमागे साडेनऊशे मतदार, हातात ३१ दिवस. ‘एसआयआर’चं ओझं नेमकं किती होतं?

घरोघरी फिरून मतदारांचे अर्ज वाटायचे, भरून घ्यायचे, परत आणायचे आणि मोबाइलवर चढवायचे. ऐकायला सोपं वाटणाऱ्या या कामाने नोव्हेंबर २०२५मध्ये देशभरातल्या लाखो शिक्षकांची आणि अंगणवाडी सेविकांची झोप उडवली. काही ठिकाणी बीएलओंचे मृत्यू झाले आणि कामाचा ताण हेच त्यामागचं कारण असल्याचा आरोप कुटुंबीयांनी केला. केरळमध्ये १७ नोव्हेंबरला बीएलओंनी कामावर बहिष्कार टाकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

काम आलं कुठून?

निवडणूक आयोगाने २७ ऑक्टोबरला १२ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मतदार याद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजेच ‘एसआयआर’ जाहीर केलं. शेजारचा गोवा त्यात होता, महाराष्ट्र या टप्प्यात नव्हता. ४ नोव्हेंबरला काम सुरू, ४ डिसेंबरला संपवायचं. प्रशिक्षणाला मिळाला जेमतेम आठवडा.

बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. नावात ‘अधिकारी’ असलं तरी ही बहुतेकदा प्राथमिक शाळेतली बाई, अंगणवाडीतली ताई किंवा एखाद्या कार्यालयातला लिपिक असतो. आपलं रोजचं काम सांभाळून हे काम करायचं, अशी ही व्यवस्था आहे.

गणित काय सांगतं?

सुमारे ५१ कोटी मतदार आणि ५.३३ लाख बीएलओ. म्हणजे एकाच्या वाट्याला सरासरी साडेनऊशे मतदार. ३१ दिवसांनी भागलं तर रोजचे एकतीस. कागदावर हा आकडा काही फार भयंकर दिसत नाही.

पण एक मतदार म्हणजे एक काम नव्हे. आधी दोन प्रतींत अर्ज द्यायचा. मग मतदाराचं किंवा त्याच्या नातेवाइकाचं नाव २००२ ते २००४च्या सुमाराच्या जुन्या यादीत शोधायला मदत करायची. मग अर्ज परत आणायचा. शेवटी ॲपवर माहिती भरायची. दार बंद असेल तर तीनदा जायचं, असा नियमच होता.

आपण अंदाजे हिशेब करू. घरटी चार मतदार धरले, तर साधारण २४० घरं. प्रत्येक घरी तीन फेऱ्या आणि फेरीला दहा मिनिटं, म्हणजे १२० तास. एक अर्ज ॲपवर चढवायला पाच मिनिटं धरली, तर आणखी ८० तास. दोन्ही मिळून २०० तास, म्हणजे एकही सुट्टी न घेता रोजचे साडेसहा. ज्यांना मूळ कामातून मोकळीक मिळाली नाही, त्यांनी हे तास शाळा सुटल्यावर काढायचे होते. यात चालणं, नेटवर्क शोधणं आणि ‘सर्व्हर बिझी’ धरलेलंच नाही.

शिवाय काम महिनाभर सारखं वाटलं जात नाही. पहिले दिवस वाटपात जातात, अर्ज परत येतात ते एकदम, आणि सगळे बीएलओ एकाच वेळी ॲप उघडतात. ज्याने कॉलेजात सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण केलं आहे, त्याला ही गर्दी समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की जर्नल राहिलं तर मार्क जातात. इथे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५०च्या कलम ३२नुसार कर्तव्यात कसूर केल्यास तीन महिने ते दोन वर्षं कैद होऊ शकते. उत्तर प्रदेशात काही बीएलओंवर गुन्हे दाखलही झाले.

मग त्यांनी निभावलं कसं?

कुठे दारोदार जाण्याऐवजी केंद्रावर शिबिरं लावली गेली. कुठे घरातल्या मुलांनी, नवऱ्याने मोबाइल हातात घेतला. सर्व्हर मोकळा असतो म्हणून कित्येकांनी अर्ज रात्री चढवले.

मोबदला किती?

वर्षाला सहा हजार रुपये असलेलं मानधन ऑगस्ट २०२५मध्ये १२ हजार करण्यात आलं, म्हणजे महिन्याला एक हजार. ‘एसआयआर’साठी वेगळे सहा हजार.

शिक्षकांना हे काम देता येतं का?

येतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांचा अपवाद करतं. त्यामुळे नकार द्यायला जागा फारशी उरत नाही.

न्यायालय काय म्हणालं?

राज्यांनी जादा कर्मचारी द्यावेत, म्हणजे प्रत्येकाचे कामाचे तास कमी होतील. आजारपणासारखं ठोस कारण असेल तर प्रकरणनिहाय विचार करून बदली माणूस द्यावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने दिले. तारीख होती ४ डिसेंबर, म्हणजे मूळ वेळापत्रकानुसार कामाचा शेवटचा दिवस. त्याआधी ३० नोव्हेंबरला आयोगाने मुदत ११ डिसेंबरपर्यंत नेली होती. पुढे काही राज्यांना आणखी दिवस मिळाले, उत्तर प्रदेशाला तर २६ डिसेंबरपर्यंत. माझ्या मते हे दिवस आणि ही माणसं २७ ऑक्टोबरलाच हिशेबात धरता आली असती. वरचं गणित करायला कॅल्क्युलेटरही लागत नाही.

आपल्याकडे बीएलओ आले तर?

जुन्या यादीत आपलं किंवा आईवडिलांचं नाव, मतदारसंघ आणि भाग क्रमांक आधीच शोधून ठेवा. सर्वाधिक वेळ यातच जातो. घर बंद राहणार असेल तर शेजाऱ्यांकडे फोन नंबर ठेवून जा, त्यांची एक फेरी वाचेल.