कुळगाव-बदलापूर : उपनगरी शहराचा समाज आणि स्थानिक सेवांची ओळख

प्रस्तावना

महानगराच्या परिघावर वाढलेल्या छोट्या शहरांचा अभ्यास मराठीत तुलनेने कमी झाला आहे. खेडे आणि महानगर हे दोन ध्रुव समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे येतात. परंतु ज्या वस्तीत सकाळची लोकल गाठण्यासाठी घरोघरी पहाटे दिवा लागतो, ती वस्ती या दोहोंच्या मधल्या जागेतच राहते. ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातील कुळगाव-बदलापूर हे अशा शहराचे ठळक उदाहरण होय. २००१ च्या जनगणनेत सुमारे ९८ हजार लोकसंख्या असलेले हे शहर २०११ मध्ये १,७४,२२६ पर्यंत पोहोचले, म्हणजे दहा वर्षांत त्यात पाऊणपटीहून अधिक भर पडली. एवढ्या वेगाने वाढणाऱ्या शहरातील रहिवासी आपल्या शहराला कितपत ओळखतो, आणि ती ओळख नसल्यास त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शहराची घडण

बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या ठिकाणावरून पडले, असे सांगितले जाते. ही लोकव्युत्पत्ती मानणेच सुरक्षित. आजच्या नोकरदाराला मात्र घोडा नव्हे, तर कल्याणला गाडी बदलावी लागते. कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ मध्ये सुरू झाला. या मार्गाने वस्तीचे दोन भाग केले. पूर्वेस कुळगाव आणि पश्चिमेस, उल्हास नदीच्या बाजूला, मूळचे बदलापूर गाव. शहराच्या जोडनावात या दोन्ही गावांची आठवण शिल्लक आहे. कात्रप, शिरगाव, बेलवली, मांजर्ली, खरवई ही नावे आज बसथांब्यांची व गृहसंकुलांच्या पत्त्यांची वाटत असली, तरी ती मुळात पाडे आणि गावेच होती.

या परिसरातील जुना समाज प्रामुख्याने आगरी, कुणबी, ठाकूर व कातकरी असा आहे. भातशेती, नदी आणि जंगल यांवर त्याचे जीवन आधारलेले होते. येथील जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले, तेही याच जुन्या परिसराचे देणे आहे. दुसरा थर मुंबईतील चाळींतून आणि डोंबिवली-ठाण्यातून परवडणाऱ्या घराच्या शोधात आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांचा आहे. या वर्गाने येथे शाळा, नाट्यप्रयोग, व्याख्यानमाला यांची हौस आणली. श्याम जोशी यांनी उभारलेले ‘ग्रंथसखा’ वाचनालय मराठी ग्रंथांच्या संग्रहासाठी शहराबाहेरही परिचित आहे. दोन्ही थर एकाच बाजारात भाजी घेतात. परंतु त्यांचे शहराविषयीचे ज्ञान वेगवेगळे आहे. जुन्या रहिवाशाला नदी कोठवर चढते ते ठाऊक असते. नव्या रहिवाशाला गाड्यांचे वेळापत्रक पाठ असते. ज्ञानाची ही फाळणी जातीच्या अथवा उत्पन्नाच्या भेदाइतकी चर्चिली जात नाही, पण तिचे परिणाम कमी गंभीर नाहीत.

सेवा एका शहरात, यंत्रणा अनेक

१९८३ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण महानगरपालिकेत बदलापूरचा समावेश होता. १९९२ मध्ये अंबरनाथप्रमाणेच ते वेगळे होऊन कुळगाव-बदलापूर नगरपरिषद अस्तित्वात आली. तिचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार चालतो. रस्ते, दिवाबत्ती, सफाई, अग्निशमन, मालमत्ता कर, जन्म-मृत्यूची नोंद ही कामे तिच्याकडे येतात. सर्वसाधारण नागरिकाच्या मनात ‘नगरपालिका’ या शब्दात सर्वच सेवा सामावलेल्या असतात, आणि नेमकी येथेच गल्लत होते.

पाण्याचे देयक नगरपरिषदेचे नसते. शहराचा पाणीपुरवठा मुख्यत्वे महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. वीज महावितरणची. स्थानक मध्य रेल्वेचे, आणि फलाटावरील गुन्ह्याची नोंद शहर पोलिसांकडे नव्हे, तर रेल्वे पोलिसांकडे. शहरातील पोलीस ठाणी ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत आहेत. प्रवेशाच्या हंगामात विद्यार्थ्याला लागणारा उत्पन्नाचा वा जातीचा दाखला महसूल यंत्रणेकडून, म्हणजे तालुक्याच्या ठिकाणाहून मिळतो. गंभीर रुग्णाला ग्रामीण रुग्णालयातून उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात हलवावे लागते, तेव्हा शहराची हद्द संपते आणि जिल्ह्याची आरोग्यव्यवस्था सुरू होते. जलवाहिनीसाठी खोदलेला रस्ता कोणी बुजवायचा, हा प्रश्न म्हणूनच दोन कार्यालयांच्या मध्ये महिनोन्‌महिने पडून राहू शकतो. ‘येथे नाही, तेथे विचारा’ हे उत्तर प्रत्येक कार्यालयाच्या दृष्टीने खरे असते. फेऱ्या मारणाऱ्याच्या दृष्टीने ते निरर्थक असते.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली कर्तव्ये व अधिकारी यांसह १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवांसाठी कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलांची व्यवस्था घालून दिली. कायदे अपुरे आहेत असे म्हणता येत नाही. तथापि हे कायदे यंत्रणानिहाय चालतात आणि नागरिकाची अडचण यंत्रणानिहाय नसते. एका घरापासून सुरुवात करून त्या घरास कोणती सेवा कोणाकडून मिळते, हे सांगणारा नकाशा कोणत्याही एका कायद्याने कोणावरही बंधनकारक केलेला नाही.

धरण, नदी आणि पूररेषा

पाण्याच्या बाबतीत बदलापूरची स्थिती विशेष बोलकी आहे. शहरापासून काही किलोमीटरवर बारवी धरण आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने बांधलेल्या या धरणातून औद्योगिक क्षेत्रांबरोबरच ठाणे जिल्ह्यातील मोठमोठ्या शहरांना पाणी जाते. बदलापूरचे पाणी मात्र प्रामुख्याने उल्हास नदीतून उचलले जाते. धरण उशाशी आहे म्हणून पाणी आपलेच, असा नव्या रहिवाशाचा समज घर घेताना बळावतो, आणि जाहिरातदार तो मोडून काढण्याच्या फंदात पडत नाहीत.

हीच नदी पावसाळ्यात वेगळे रूप दाखविते. २६ जुलै २००५ च्या महापुरात नदीकाठचा भाग पाण्याखाली गेला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल व नौदल यांच्याबरोबर या कामात स्थानिक ग्रामस्थही होते. पाण्याची ओढ कोठे आहे आणि पाय कोठे टेकतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने माहीत होते.

नव्या वस्तीसाठी या अनुभवाचा लिखित पर्याय म्हणजे पूररेषा. जलसंपदा विभाग दोन रेषा निश्चित करतो : सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. या रेषांवरून बांधकामावरील निर्बंध ठरतात. येथे ‘१०० वर्षांतून एकदा’ या शब्दप्रयोगाने हमखास गैरसमज होतो. एकदा पूर येऊन गेला म्हणजे शंभर वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाही. दर वर्षी तशा पुराची शक्यता शेकडा एक असते, आणि २० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ती साचत साचत जवळपास शेकडा अठरापर्यंत जाते. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना हे गणित वर्गात घेण्यासाठी याहून जवळचे उदाहरण शोधण्याची गरज नाही. घर घेणारा रहिवासी स्थानकापासूनचे अंतर मिनिटांत विचारतो. निळ्या रेषेपासूनचे अंतर क्वचितच विचारतो.

नागरिक कोणाकडे जातो?

सेवांची ओळख ही केवळ सोयीची बाब नाही, हे ऑगस्ट २०२४ मध्ये अत्यंत वेदनादायक रीतीने दिसून आले. शहरातील एका शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले. तक्रार नोंदवून घेण्यास विलंब झाल्याचा आरोप झाला आणि २० ऑगस्ट रोजी हजारो नागरिक रेल्वे रुळांवर उतरले. लोकल वाहतूक दिवसाचा बराचसा भाग बंद राहिली. संबंधित पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले, विशेष तपास पथक नेमण्यात आले आणि मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

या घटनेची चर्चा बहुधा कायदा व सुव्यवस्थेच्या अंगाने झाली. स्थानिक शासनाच्या अभ्यासकाला तिच्यात दुसराही प्रश्न दिसतो. संतप्त नागरिक रुळांवरच का गेले? नगरपरिषदेची निवडणूक २०१५ मध्ये झाली होती. सभागृहाची मुदत २०२० मध्ये संपली आणि पुढील निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये झाली. मधली पाच वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता. म्हणजे २०२४ मध्ये शहरात एकही निवडून आलेला नगरसेवक पदावर नव्हता. ज्याच्या दारात रात्री-अपरात्री जाऊन ‘चला पोलीस ठाण्यात’ असे म्हणता येते, तो लोकशाहीतील सर्वांत खालचा, पण सर्वांत जवळचा दुवा या काळात नव्हता. नगरसेवक असते तर सारे सुरळीत झाले असते, असा दावा कोणी करणार नाही. परंतु हे शहर ज्या एकमेव ठिकाणी रोज एकत्र येते ते ठिकाण म्हणजे रेल्वे स्थानक, आणि आपला आवाज मुंबईपर्यंत पोहोचविणारे जे एकमेव साधन त्याला माहीत आहे ते म्हणजे लोकल, ही वस्तुस्थिती त्या दिवशी उघडी पडली.

यामागे रचनेचाही दोष आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद २४३-एस नुसार प्रभाग समित्या अनिवार्य होतात त्या ३ लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरात. ही लोकसंख्या धरावयाची ती लगतच्या पूर्वीच्या जनगणनेची. २०११ नंतर देशात जनगणना झालेली नाही. पुढील जनगणना २०२७ साठी निश्चित केली आहे. त्यामुळे प्रत्यक्षात कितीही इमारती उभ्या राहिल्या, तरी घटनेच्या लेखी बदलापूर अद्याप पावणेदोन लाखांचेच शहर आहे. खेड्यात ग्रामसभा असते, मोठ्या शहरात निदान कागदावर प्रभाग समिती असते. मधल्या शहराच्या वाट्याला घटनेने यांपैकी काहीच सक्तीचे केलेले नाही.

महाविद्यालयाचे स्थान

शिक्षकवर्गाच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या कोणाही व्यक्तीवर ती पोलिसांना देण्याचे बंधन आहे. न दिल्यास कलम २१ नुसार शिक्षा होऊ शकते. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी १८ वर्षांखालील असतात, म्हणून ही तरतूद केवळ शाळांपुरती नाही. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर पोलीस ठाण्याने नोंदवून घ्यावयाची असते. रेल्वे पोलीस की शहर पोलीस, या हद्दीच्या वादात अडकणाऱ्या उपनगरी प्रवाशाला ही तरतूद ठाऊक असणे विशेष उपयोगी आहे.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अंमलबजावणीत पदवी स्तरावर क्षेत्र प्रकल्प व समाजसहभाग यांना श्रेयांक मिळाले आहेत. हे प्रकल्प वृक्षारोपण आणि स्वच्छता फेरीच्या छायाचित्रांत संपवणे सोपे असते. त्याऐवजी एका वर्गाने एक प्रभाग घ्यावा. त्यातील नळ, दिवा, गटार, दवाखाना, पोलीस ठाणे यांची जबाबदारी कोणाची, तक्रार कोणत्या टेबलावर जाते, किती दिवसांत उत्तर येते, याची नोंद करावी. कलम ४ ची प्रसिद्ध माहिती आणि प्रत्यक्ष उत्तर यांतील अंतर मोजावे. बेलवली वा हेंद्रेपाड्यातील वृद्ध ग्रामस्थांना विचारून पुराच्या जुन्या खुणा शासकीय पूररेषेच्या नकाशाशेजारी मांडाव्यात. भूगोल, राज्यशास्त्र, मराठी आणि संख्याशास्त्र या विभागांना एकत्र काम करण्यासाठी याहून वेगळे निमित्त लागू नये. अशी नोंदवही दर वर्षी नव्या तुकडीने तपासून पुढे न्यावी लागेल, कारण अधिकारी बदलतात आणि दूरध्वनी क्रमांक त्याहून लवकर बदलतात. तिची एक प्रत प्रभागातील वाचनालयात आणि दुसरी गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकावर लागली, तर पहिली चाचणी पुढच्या पावसाळ्यातच होईल.