बोटं मोकळी ठेवून स्पर्श

मिक्स्ड रिअ‍ॅलिटीच्या चष्म्यातून खरं टेबल दिसतं आणि त्यावर आभासी बटणही दिसतं. दाबायला जावं तर बोट आरपार जातं. यावर उपाय म्हणून हातमोजे आले. मेटाने २०२१ मध्ये हवेचे छोटे फुगे फुगवून बोटांवर दाब देणारा मोजा दाखवला. पण मिक्स्ड रिअ‍ॅलिटीत त्याच हाताने खरा पानाही धरायचा असतो, चहाचा कपही उचलायचा असतो. बोटांची टोकं झाकली गेली तर हातातला खरा स्पर्शच बोथट होतो, आणि ही किंमत मला फार मोठी वाटते.

म्हणून जपानी संशोधकांचं २००२ मधलं ‘स्मार्टफिंगर’ मला विशेष आवडतं. ते नखावर बसतं. सपाट कागदावरून बोट फिरवताना छापील रेघ आली की नखावरचं यंत्र थरथरतं, आणि रेघ उंचवट्यासारखी लागते! कंपन टिपणारी ‘पॅसिनियन’ नावाची संवेदनाग्राहकं त्वचेत खोलवर असतात. सेकंदाला सुमारे २५० कंपनं ती उत्तम टिपतात, पण कंपन नेमकं कुठून आलं हे सांगण्यात कच्ची असतात. बोट तर कागदाला टेकलेलंच असतं, त्यामुळे मेंदू ती थरथर कागदाच्या नावावर टाकतो.

‘टॅस्बी’ हा २०१९ मधला पट्टा आणखी मागे, मनगटावर सरकतो. बटण दाबताना तो मनगट आवळतो. दिसणं आणि आवळणं एकाच क्षणी झालं तरच ते पटतं. वजन जाणवून देणं मात्र कठीण आहे: पट्टा आवळून भाराचा इशारा देता येतो, हात खाली ओढता येत नाही.