सहाव्या वर्षीची दाढ : आयुष्यभराची ठेव

मूल पहिलीच्या वर्गात जाऊ लागते, त्याच सुमारास त्याच्या जबड्यात एक महत्त्वाची घटना घडते. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ उगवते. दात पडलेला नसल्यामुळे हीदेखील दुधाचीच दाढ असावी, असा पालकांचा समज होतो आणि ‘किडली तर पडेल, नवी येईल’ या भरवशावर तिच्याकडे दुर्लक्ष होते. वस्तुतः या चार दाढांच्या जागी पुन्हा दाढा येत नाहीत.

भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ मधील राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच वर्षांच्या ५१.९ टक्के, बारा वर्षांच्या ५३.८ टक्के आणि पंधरा वर्षांच्या ६३.१ टक्के मुलांमध्ये दंतक्षय आढळला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ५१ कोटी मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत.

कीड म्हणजे काय?

‘कीड’ या शब्दामुळे दातात किडा शिरतो, अशी समजूत रूढ झाली. प्रत्यक्षात दातांवरील चिकट थरातील जीवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताच्या कठीण आवरणातील कॅल्शियम व फॉस्फेट विरघळवते. लाळ हे आम्ल सौम्य करून खनिजे हळूहळू परत देते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर दाताच्या खात्यातून रक्कम काढणे आणि भरणे दिवसभर सुरूच असते. गोड पदार्थ वारंवार खाल्ल्यास भरणा करण्यास लाळेला अवधी मिळत नाही व शिल्लक घटत जाते. म्हणून गोड किती खाल्ले याइतकेच ते किती वेळा खाल्ले, हेही महत्त्वाचे ठरते. जेवणासोबत खाल्लेल्या लाडवापेक्षा दुपारभर चघळलेल्या गोळ्या अधिक घातक ठरतात.

दुधाच्या दातांचे मोल

दुधाचे वीस दात तात्पुरते असले, तरी ते कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकणे अपेक्षित असते. त्या अकाली काढाव्या लागल्यास शेजारचे दात मोकळ्या जागेत सरकतात आणि नवे दात वेडेवाकडे येतात. दातदुखीमुळे मुलाचे अन्न, झोप व अभ्यास यांवरही परिणाम होतो.

काय करावे?

सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासावेत. रात्री लाळ कमी स्रवत असल्याने रात्रीचे घासणे विशेष आवश्यक असते. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरेशी असून ती गिळू न देता थुंकावयास लावावी. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी स्वतः लक्ष घालावे. मिश्रीने दात घासण्याची सवय मुलांना लावू नये. तीत तंबाखू असते. सहाव्या वर्षीच्या दाढेवरील खोल खाचा दंतवैद्याकडून संरक्षक लेपाने बुजवून घेता येतात. दाढेवर पांढरट वा काळसर डाग दिसताच तपासणी करावी. दुखण्याची वाट पाहू नये.

केंद्र शासनाने २०१३ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत दातांच्या विकारांचाही समावेश आहे. शासकीय व अनुदानित शाळांत पथक येईल त्या दिवशी पाल्य गैरहजर राहणार नाही, याची दक्षता पालकांनी घ्यावी.

लहानशी कीड वेळीच भरून घेतल्यास अल्प खर्चात दात वाचतो; दुर्लक्ष केल्यास मुळापर्यंतचे उपचार, वरचे आवरण आणि अखेरीस कृत्रिम दात असा खर्च व्याजासह वाढत जातो. मुलांच्या नावे ठेव ठेवणाऱ्या प्रत्येक पालकाने आज रात्री एकदा त्यांच्या तोंडातील या ठेवीचीही पाहणी करावी.