थंडीच्या लाटेत परसातील कोंबड्या व जनावरे

महाराष्ट्रात बर्फ पडत नाही. परंतु हिमालयात पडलेल्या बर्फाचा परिणाम आपल्या परसापर्यंत पोहोचतो. तिकडील थंड, कोरडे वारे दक्षिणेकडे वाहू लागले आणि आकाश निरभ्र राहिले, म्हणजे रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते व पारा एकदम उतरतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाड परिसरात तो २ अंश सेल्सिअसच्या आसपास आला होता. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी अशा पहाटे दवबिंदू गोठलेले आढळतात. द्राक्षबागेत त्या रात्री शेकोट्या पेटतात. खुराड्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. पाच-दहा कोंबड्या व दोन शेळ्या हाच ज्या घरातील गृहिणीच्या हातखर्चाचा आधार, तेथे एका रात्रीत पिले दगावणे हे मोठेच नुकसान होय.

खुराड्याची व्यवस्था

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश असते. पिसांत कोंडलेली हवा हेच तिचे पांघरूण. पिसे भिजली की ही हवा राहत नाही. म्हणून कोरडी कोंबडी बरीच थंडी सोसते, ओली कोंबडी सोसत नाही. खुराड्यात भाताचे तूस दोन-तीन इंच जाडीचे पसरावे, ते रोज हलवावे व ओले झालेले काढून टाकावे.

वाऱ्याच्या बाजूस गोणपाट लावावे, परंतु छपराखालील झरोका बुजवू नये. सर्व फटी बंद केल्यास विष्ठेतील अमोनिया वायू आत साठतो, डोळे चुरचुरतात व श्वसनाचे रोग बळावतात. वारा अंगावर येऊ नये, पण हवा खेळती राहावी, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

पिलांची ऊब

लहान पिलांना स्वतःची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश उष्णता लागते. पुढे दर आठवड्यास ती तीन अंशांनी कमी करावी. तापमापक नसल्यास पिलांकडेच पाहावे. ती दिव्याखाली एकमेकांवर चढून गर्दी करीत असतील, तर ऊब कमी आहे. दूर पळून चोच उघडून धापा टाकीत असतील, तर जास्त आहे. सर्वत्र सारखी पसरली असतील, तर योग्य आहे. बंद जागेत कोळशाची शेगडी कदापि ठेवू नये. तिच्या विषारी वायूने पिलेच नव्हे, तर माणसेही मृत्युमुखी पडतात.

दाणापाणी

थंडीत शरीर उबदार राखण्यासाठी अधिक अन्न खर्ची पडते. म्हणून सायंकाळी मूठभर ज्वारी किंवा मका जादा द्यावा. सकाळी पाणी कोमट करून ठेवावे. गार पाणी कोंबड्या कमी पितात व त्यामुळे खाणेही घटते. या दिवसांत अंडी कमी होतात, त्यास थंडीबरोबरच लहान झालेला दिवसही कारणीभूत असतो.

शेळ्या व गुरे

गुरांच्या पोटात कडबा पचताना उष्णता निर्माण होते; तेव्हा संध्याकाळी वैरण भरपूर घालावी. गोठ्यात कोरडा पालापाचोळा अंथरावा. नवजात करडू ताबडतोब पुसून कोरडे करावे व जन्मल्यापासून तासाभरात त्यास चीक पाजावा. चिकातून त्यास ऊब व रोगप्रतिकारशक्ती दोन्ही मिळतात. ऊन चढून दव विरल्यावरच शेळ्या चरावयास सोडाव्यात.

रानपाखरांविषयी

थंडीत चिमण्या व पारवे दाण्यासाठी अंगणात येतात. त्यांना दाणे जरूर घालावेत, पण खुराड्यापासून दूर. पाखरांची विष्ठा कोंबड्यांच्या भांड्यात पडल्यास रोग पसरू शकतो. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर येथे बर्ड फ्लूमुळे कुक्कुटपालकांवर ओढवलेले संकट विसरण्याजोगे नाही. एकाएकी अनेक पक्षी मेल्यास ते थंडीनेच मेले असे समजू नये. त्यांना हात न लावता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळवावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी थंडीची सूचना मिळताच घरोघरी, विशेषतः स्त्रियांना, ही माहिती द्यावी. गोणपाट, तूस आणि कोमट पाणी यांस फारसा खर्च नाही. वेळेवर केलेल्या तयारीने पशुधन खचित वाचते.